ई-स्कूटरचा कंट्रोलर आणि चार्जर रिपेअर: उद्यमनगरातल्या काकांकडचा दीड वर्षाचा अनुभव

हा रिव्ह्यू खरं तर मागच्या वर्षीच लिहायचा होता पण म्हटलं एक पावसाळा काढून बघू मग लिहू, आता दोन पावसाळे झाले आणि गाडी रोज चालू आहे म्हणून लिहायला बसले. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आतल्या बाजूला लेथच्या दोन शॉपच्या मधे एक दहा बाय बाराचा गाळा आहे, पाटी वगैरे काही नाही, एक काका आणि त्यांच्याकडे शिकणारी एक पोरगी एवढेच. ई-बाईक, ई-रिक्षा, सायकल यांचे कंट्रोलर (बॅटरीची वीज मोजून-मापून मोटरला देणारा डबा), चार्जर आणि बारा व्होल्टचे कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज बारावर उतरवणारे) हे तिथं उघडून दुरुस्त करतात. बदलून देत नाहीत, दुरुस्त करतात. मला हे एवढं महत्त्वाचं का वाटतं ते पुढं वाचलं की कळेल.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझी मेस आहे, सायबर चौक आणि राजारामपुरी भागातल्या होस्टेलना डबे देते. त्याआधी इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून चार वर्षं पॅनेल बनवायच्या शॉपमध्ये होते त्यामुळे मीटर धरता येतो, पण बोर्डावरचं काम कधी केलं नव्हतं. स्कूटर २०२१ ला घेतली, ६० व्होल्टची, लिथियमचे १६ सेल सिरीजमध्ये, ३० एएच (अँपिअर-आवर). कंपनीचं नाव घेत नाही, डीलरने गाळा बंद केला. पहिला कंट्रोलर २०२३ च्या जुलैत पाण्याने गेला तेव्हा नवीन साडेनऊ हजार आणि सहा आठवडे थांबा असं उत्तर मिळालं, आणि मला एक दिवस थांबणं परवडत नाही. मग एका पार्टच्या काउंटरवरून ३२०० चा बिननावाचा कंट्रोलर बसवला आणि त्याच माणसाने सोबत एक चार्जर पण दिला, जुना चार्जर फॅन बंद पडून तापत होता म्हणून. "ताई साठ व्होल्ट म्हणजे साठ व्होल्ट, सगळ्याला चालतंय." हे वाक्य लक्षात ठेवा.

सात महिने चालली. २०२४ च्या फेब्रुवारीत दुपारी पावणेएकला विद्यापीठाच्या चढाला एकदम फट्ट आवाज आला, वास आला आणि गाडी थांबली. पुढं बावीस डबे. ढकलायला गेले तर गाडी ब्रेक धरल्यासारखी जड, चाक फिरेचना, अडखळत अडखळत. मला वाटलं मोटर जाम झाली म्हणजे संपलंच. डबे रिक्षाने पाठवले, स्कूटर टेम्पोत घालून एका ओळखीच्या ई-रिक्षावाल्याने या काकांकडे नेली.

काकांनी पहिली गोष्ट केली ती अशी की सीट उघडून मोटरकडून येणाऱ्या तीन जाड वायरींचे बोल्ट सोडले, पिवळी, हिरवी, निळी, आणि मला म्हणाले आता चाक फिरवा. भिंगरीसारखं फिरलं. "मोटर ठीक हाय. कंट्रोलरातला मॉस्फेट शॉर्ट झालाय, त्यामुळं मोटरच मोटरला ब्रेक लावत्या." एका मिनिटात. मॉस्फेट म्हणजे कंट्रोलरातला इलेक्ट्रॉनिक स्विच. मोटरच्या तीन वायरी एकमेकींना टेकल्या की चाक फिरवताना मोटर जनरेटर होते आणि स्वतःचाच करंट तिला धरून ठेवतो, हे मी डिप्लोमात शिकले होते पण हाताला त्या दिवशी जाणवलं. गाडी अशी जड झाली तर कुणी लगेच मोटर बदला म्हणालं तर ऐकू नका, आधी त्या तीन वायरी सोडून बघा.

मग मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून कंट्रोलरच्या एकेका फेजवरून, म्हणजे मोटरला जाणाऱ्या एकेका वायरीवरून, प्लसला आणि मायनसला तपासलं. पाच ठिकाणी ०.४५ च्या आसपास आलं म्हणजे ठीक, आणि सहाव्या ठिकाणी बीप म्हणजे शॉर्ट. कंट्रोलर म्हणजे शेवटी सहा स्विच आहेत, तीन वर तीन खाली, बॅटरीच्या डीसीचा तुकडा तुकडा करून मोटरच्या तीन फेजला आळीपाळीने देतात. माझ्या कंट्रोलरात प्रत्येक स्विचला दोन दोन मॉस्फेट जोडीने होते म्हणजे एकूण बारा. एका फेजचा वरचा आणि खालचा स्विच चुकून एकाच वेळी चालू झाला तर बॅटरी सरळ शॉर्ट, म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करायच्या आधी मधे अगदी बारीक विश्रांती ठेवलेली असते. आणि एक मॉस्फेट शॉर्ट होऊन बसला की ती विश्रांती काही कामाची नाही, समोरचा चालू झाला की दोघं जातात. तो फट्ट आवाज मॉस्फेट गेल्याचाच.

आता मला जे या दुकानात सगळ्यात आवडलं ते. काकांनी चार मॉस्फेट बदलून गाडी हातात दिली असती तरी मी खूश होऊन गेले असते. पण त्यांनी बोर्ड माझ्यासमोर ठेवला, लॅम्पखाली, आणि म्हणाले गेला कशानं ते बघूया. बोर्डच्या कडेला तीन मोठे कंडेन्सर उभे होते, त्यातल्या एकाचं डोकं फुगून वर आलेलं, फुगलेल्या पुरीसारखं, आणि मधल्या फुलीतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन वाळलेलं. काकांनी तो जरा वळवला आणि अंगावर छापलेलं वाचायला सांगितलं. ६३ व्होल्ट. माझी बॅटरी फुल चार्ज असताना ६७.२ व्होल्ट असते, १६ सेल गुणिले ४.२. म्हणजे सात महिने रोज सकाळी मी तो कंडेन्सर त्याच्या मापापेक्षा जास्त व्होल्टेजवर चालवत होते. बाहेरच्या स्टिकरवर मात्र ४८-६० व्होल्ट असं ठळक. कंडेन्सर दुबळा झाला की मॉस्फेट उघड-बंद होताना जे व्होल्टेजचे फटके बसतात ते गिळायला कुणी राहत नाही, ते सगळे मॉस्फेटवर येतात. काकांचं म्हणणं एवढंच की हे मुख्य कारण दिसतंय, बाकी बॅटरीकडून काय येतंय ते पण बघायला पाहिजे. "चार्जर आणलाय का?" मी नव्हता आणला. संध्याकाळी घेऊन गेले.

चार्जर प्लगला लावला, बॅटरी न जोडता आउटपुटला मीटर. ७३.६. काकांनी काही न बोलता मीटर माझ्याकडे फिरवला. तो लेड-ॲसिडचा चार्जर होता, बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्यांसाठीचा, त्यांना साडेत्र्याहत्तरच्या आसपास लागतं. ६० व्होल्ट हे नुसतं नाव आहे हो, लेड-ॲसिडचं ६० वेगळं, १६ सेलच्या लिथियमचं ६० वेगळं, आणि लिथियम फॉस्फेटचे २० सेल असतील तर त्याला परत ७३ लागतात. माझ्या पॅकला ७३.६ म्हणजे सेलमागे ४.६ व्होल्ट, जिथं ४.२ ला थांबायला पाहिजे. सात महिने माझं घर वाचलं ते बॅटरीतल्या बीएमएसमुळे, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की करंट तोडणाऱ्या सर्किटमुळे. चार्जरचा हिरवा दिवा लागायचा तो चार्जिंग पूर्ण झालं म्हणून लागत नव्हता, बीएमएस घाबरून दार लावून घ्यायचं, करंट शून्य व्हायचा आणि चार्जरला वाटायचं झालं. मी रात्री तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ लावून झोपायचे, शेजारी सिलिंडर. हे लिहिताना पण अंगावर काटा येतो.

म्हणून सगळ्यांना कळकळीची विनंती, आत्ता उठून तुमच्या चार्जरच्या स्टिकरवर आउटपुट व्होल्टेज काय लिहिलंय ते बघा आणि बॅटरीवर सेल किती लिहिलेत ते बघा. स्टिकरवर विश्वास नसेल तर दोनशे-तीनशेचा मीटर सुद्धा हे दाखवतो. २०२२ मध्ये देशभर स्कूटर पेटल्यावर सरकारने ई-गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ चे नियम कडक केले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला, त्यात चार्जरने ठराविक व्होल्टेजला स्वतः कापलं पाहिजे, हळू सुरू झालं पाहिजे, बॅटरी फारच उतरलेली असेल तर ओळखलं पाहिजे असं आहे. पण ते गाडी मंजूर करून घेताना. काउंटरवर सुटा चार्जर विकणाऱ्याला कोण विचारतंय?

दुरुस्तीचं सांगते. शॉर्ट एकच मॉस्फेट होता आणि त्याच्यासोबत समोरचा एक खराब झाला होता, पण काकांनी त्या फेजचे चारही काढले. कारण जोडीने चालणारे दोन मॉस्फेट एकाच लॉटचे असावेत, एक जुना एक नवीन असला की करंट सारखा वाटून घेत नाहीत. त्यांच्याकडे दोन प्रकारचे मॉस्फेट होते, पुड्यांत नाही, ट्यूबमध्ये. बाजारात नाव खोडून दुसरं नाव छापलेले मॉस्फेट सर्रास मिळतात म्हणून एक फोडलेला नकली नग त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, आतला सिलिकॉनचा तुकडा अस्सलच्या निम्मासुद्धा नाही. याने फरक काय पडतो तर असा हिशोब बघा, चढाला ३० अँपिअर जातात, दोघांत वाटून १५-१५. चांगल्या मॉस्फेटचा चालू असतानाचा रेझिस्टन्स ४ मिलिओहम धरला तर प्रत्येकात ०.९ वॅट उष्णता. नकलीचा १० मिलिओहम असला तर सव्वा दोन वॅट. आकडा बारीक वाटतो पण मॉस्फेट पण नखाएवढाच असतो आणि डबा बंद.

कंडेन्सर तिन्ही बदलून १०० व्होल्टचे घातले. बोर्डाच्या ज्या पट्ट्यांवरून जास्त करंट जातो तिथं तांब्याची उघडी तार ठेवून वरून सोल्डर ओतला. ही सगळी कामं ती शिकणारी पोरगी करत होती, हात इतका स्थिर की मी नुसती बघत बसले. मग बॅटरी लगेच जोडली नाही. आधी मधे सिरीजमध्ये बल्ब लावला, जुना पिवळा शंभर वॅटचा, चार्जर टेस्ट करायला पण तोच, भपकन पेटून मंद झाला तर ठीक आणि पेटलेलाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. कंट्रोलर बॅटरीला जोडताना पण आधी एका रेझिस्टन्समधून दोन सेकंद टेकवला आणि मग कनेक्टर घातला, म्हणजे रिकामे कंडेन्सर एकदम बॅटरीवर तुटून पडत नाहीत आणि ती चट्ट ठिणगी होत नाही. ठिणगीने कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, काळी पिन तापते, तापून प्लास्टिक वितळतं, हे मी माझ्या जुन्या कनेक्टरवर बघितलंय. घरी बॅटरी काढ-घाल करणाऱ्यांनी ठिणगी न उडणारा कनेक्टर लावून घ्यावा.

आणि अजून एक बारीक गोष्ट, कंट्रोलर बसवताना काकांनी तो उलटा केला. आधी वायरी वरून आत जात होत्या, पाणी वायरीवरून घसरत थेट डब्यात. आता वायरी खालून येतात आणि डब्याच्या खाली एक झोळ खाऊन मग वर, पाणी झोळाच्या खालच्या टोकाला येऊन गळून जातं. याला शून्य रुपये लागतात. माझा पहिला साडेनऊ हजारांचा कंट्रोलर एवढं केलं असतं तर वाचला असता.

बिल ११०० रुपये झालं, दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांसाठी दुसरा कंट्रोलर तात्पुरता लावून दिला होता म्हणून डबे थांबले नाहीत. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

चार्जर मात्र नवीन घेतला त्यांच्याकडूनच, ६७.२ व्होल्ट ६ अँपिअर, ॲल्युमिनियम बॉडी, फॅनवाला, ३८०० रुपये. महाग वाटला होता. दीड वर्ष वापरून सांगते, पैसे वसूल. पूर्ण उतरलेली बॅटरी साडेपाच तासांच्या आसपास भरते, आधी सलग सहा अँपिअर देतो, ६७.२ ला पोचला की व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरत जातो आणि मग कापतो. मी प्लगचा वॅटमीटर लावून बघितलंय, फुल चार्जला दोन युनिटच्या थोडं वर जातं, बॅटरी पावणेदोनची आहे, म्हणजे उरलेलं चार्जरमध्ये आणि थोडं बॅटरीत उष्णता होऊन गेलं. चार्जरमध्ये सतत पन्नासेक वॅटचा बल्ब पेटलाय असं समजा आणि म्हणून तो गादीवर, सोफ्यावर, चपलांच्या स्टँडमध्ये ठेवू नका. मी फरशीवर ठेवते, भिंतीपासून लांब. फॅनचा आवाज आहे, बेडरूमच्या बाहेर असेल तर चालेल. एक तक्रार अशी की वायर आखूड आहे, दीड मीटर पण नाही, मला एक्स्टेंशन लागतं आणि मला एक्स्टेंशन आवडत नाही.

या मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या गल्लीत खांबावरचं न्यूट्रल सुटलं. न्यूट्रल गेलं की दोन फेजमधलं व्होल्टेज घराघरांत कसंही वाटलं जातं, कुणाकडे कमी कुणाकडे २३० च्या कितीतरी वर. माझा मिक्सर गेला, दोन ट्यूब गेल्या, आणि चार्जर लावलेला होता तो पण बंद. घेऊन गेले. आत इनपुटला जी निळी बिस्किटासारखी चकती असते ती फुटून काळी झाली होती आणि फ्यूज उडाला होता, बाकी सगळं शाबूत. ती चकती जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागच्यांना वाचवते. चकती आणि फ्यूज, दीडशे रुपये, वीस मिनिटं. जुना काउंटरवाला चार्जर काकांनी उघडून दाखवला होता त्यात त्या चकतीची जागा छापलेली होती पण चकती बसवलेलीच नव्हती. दहा रुपयांची वस्तू.

दिवाळीला, म्हणजे २०२४ च्या, मी हौसेने साईनवेव्ह, म्हणजे फेजना लाटेसारखा सलग करंट देणारा, कंट्रोलर बसवून घेतला, ४२०० रुपये, आणि दुरुस्त केलेला जुना आता स्पेअर म्हणून कपाटात आहे. जुना स्क्वेअरवेव्ह, म्हणजे फेजना पायऱ्या पायऱ्यांनी करंट देणारा, सुटताना मोटर घुर्रर करायची आणि डबे हलायचे. नवीन लावल्यावर पहिल्या दिवशी मला वाटलं गाडी चालूच नाही. सुटताना हिसका नाही, आमटीचे डबे सांडत नाहीत, माझ्यासाठी हेच मोठं. टॉप स्पीड दोन-तीनने कमी झाला तो मला चालतो. चढाला जोर तेवढाच कारण अँपिअरची मर्यादा दोन्हीला ३५ च आहे, साईनवेव्हने पिकअप डबल होतो असं कुणी सांगून विकत असेल तर तसं काही होत नाही.

बसवताना एक गंमत बघितली. मोटरच्या तीन जाड वायरी आणि हॉल सेन्सरच्या (चाक कुठं आलंय ते कंट्रोलरला सांगणाऱ्या) तीन बारीक वायरी, यांच्या जोड्या लावायच्या तर ३६ होतात आणि चुकीची लावली तर मोटर नुसती कण्हते आणि करंट ओढते. नवीन कंट्रोलरला दोन पांढऱ्या वायरी असतात, त्या एकमेकींना जोडल्या आणि चावी दिली की तो स्वतः चाक हळूहळू फिरवून कुठली वायर कुठली ते शिकून घेतो. चाक स्टँडवर आपोआप फिरायला लागलं, थांबलं, उलटं फिरलं, काकांनी वायर सोडली, झालं. तेव्हा काका म्हणाले मुंबईच्या लोकलमध्ये पण हेच सहा स्विच, फक्त थोराड. नवीन लोकल फलाटावरून सुटताना जो सूर चढत चढत जातो ना, तो मुख्यतः या उघड-बंदचाच आवाज. माझी बहीण डोंबिवलीला असते, मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा पूर्ण प्रवास मी तेच ऐकत होते.

आता जे खटकलं ते पण लिहिते. दुकानात फोन उचलत नाहीत, दोनदा हेलपाटा पडलाय. पहिल्या वेळी बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून दिलं, चार्जरसारख्या वस्तूला छापील बिल आणि सिरीयल नंबर पाहिजेच, मी आग्रह धरल्यावर दुसऱ्या वेळेपासून देतात. दुरुस्तीला तीनच महिन्यांची गॅरंटी. आणि गर्दी असली की ई-रिक्षावाल्यांना आधी घेतात. त्याचं मला आधी वाईट वाटलं होतं पण त्यांची रिक्षा थांबली की त्या दिवशीची कमाई थांबते, माझ्यासारखंच. रेझिनमध्ये बुडवून सीलबंद केलेले कंट्रोलर ते घेत नाहीत, खोदताना बोर्डच तुटतो म्हणून सरळ नाही सांगतात, हे मला योग्य वाटलं. बॅटरी पॅक पण उघडत नाहीत. "ते माझं काम न्हवं, त्यात जीव जातो." मोठ्या कंपन्यांच्या वॉरंटीतल्या गाड्या असतील तर हात लावायच्या आधी स्वतःच सांगतात की उघडलं तर वॉरंटी जाईल, आधी शोरूमला जा.

जाणार असाल तर सकाळी दहा ते साडेबारा बरी वेळ. चार्जर, चावी आणि बॅटरीवरच्या स्टिकरचा फोटो सोबत न्या, बॅटरी काढता येत असेल तर ती पण. आणि कंट्रोलर जळला असेल तर दहा वेळा चावी फिरवून बघत बसू नका, बॅटरीचा एमसीबी पाडा आणि तसाच घेऊन जा, माझ्या वेळी मी रस्त्यावर तीनदा चावी दिली होती आणि काका म्हणाले दुसरा मॉस्फेट बहुतेक त्यातच गेला.